काळजाचा लगाम

शब्दांशी ज्याचा रोजचा धंदा आहे, त्याला एक खोड जडते. समोरचा मनुष्य काय सांगतो आहे हे बाजूला राहते आणि तो कोणत्या शब्दांत सांगतो आहे, तेच आधी कानात भरते. आता हेच पाहा ना. निकालाच्या दिवशी आमची मुले म्हणतात, "छातीत धडधडतंय." रात्री-अपरात्री दारावर थाप पडली, की घरातली बाई म्हणते, "अगं बाई, काळजाचा ठोकाच चुकला!" वाईट बातमी आली की काळजाचे पाणी होते, आणि लेक सासरी सुखरूप पोचल्याचे कळले की जीव भांड्यात पडतो. एवढ्या घडामोडी काळजात होतात. पण कारण पाहावे तर ते काळजापासून कितीतरी दूर. कानावर पडलेली थाप, किंवा डोळ्यांनी वाचलेली चार अक्षरे! कानाडोळ्यांपासून काळजापर्यंत ही बातमी नेतो कोण?

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न सोपा करून टाकला होता. चरकसंहितेने चेतनेचे स्थान हृदयच मानले. तिकडे ग्रीस देशात अ‍ॅरिस्टॉटलचेही मत तसेच. मेंदू म्हणजे त्याच्या लेखी रक्त थंड करण्याचे एक साधन. मनच हृदयात राहते म्हटल्यावर निरोप नेण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढे मनाने बिऱ्हाड बदलले, ते मेंदूत राहायला गेले, आणि मग मात्र या दोन बिऱ्हाडांमधला रस्ता शोधणे भाग पडले. त्या रस्त्याची ही हकीकत आहे. ती नुसती मौजेची नाही. घरात साठी ओलांडलेले कोणी असेल, किंवा रक्तदाबाची गोळी कोणी घेत असेल, तर ती ठाऊक असलेली बरी.

पहिली नवलाची गोष्ट अशी, की हृदयाला धडधडण्यासाठी मेंदूची गरजच नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, भिंतीलगत, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. ठेका धरतो तो हा. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी इंग्लंडात १९०७ साली तो शोधून काढला. या पुंजक्याला कोणी हुकूम करावा लागत नाही. तो आपला आपण, मिनिटाला सुमारे शंभर या गतीने ठोके देत राहतो.

पण थांबा. शांत बसून आपली नाडी मोजा. ती सत्तरच्या आसपास भरते. मग हे वरचे तीस ठोके गेले कुठे?

ते मेंदूने आवरून धरलेले असतात. मेंदूच्या तळाशी, मानेच्या मणक्यांवर जिथे तो टेकतो, तिथे लंबमज्जा नावाचा अंगठ्याएवढा भाग आहे. तिथून निघालेली एक लांबलचक नस गळ्यातून छातीत आणि छातीतून पोटात उतरते. तिचे नाव व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ भटक्या, आणि इतके हिंडणाऱ्या नसेला तो शोभतोही. ही नस हृदयाचा लगाम. घोडा स्वभावतः दौडणारा. स्वार सदोदित लगाम किंचित ओढून धरतो, म्हणून तो चालीत चालतो. गती वाढवायची तर चाबूक लागतोच असे नाही, लगाम थोडा सैल सोडला तरी पुरते. जिना चढताना पहिल्या दोनचार पायऱ्यांतच नाडी वाढते, ती या सैल सोडण्यामुळे.

याला पुरावा काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. पुढे ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्लीला डॉ. वेणुगोपाल यांना यश आले, आणि आज दुसऱ्याचे हृदय घेऊन अनेक माणसे वर्षानुवर्षे संसार करीत आहेत. शल्यविशारद रक्तवाहिन्या जोडतो, पण तुटलेल्या नसा त्याला जोडता येत नाहीत. म्हणून नवे हृदय लगामावाचून चालते. मनुष्य स्वस्थ झोपलेला असला तरी ते नव्वद-शंभरच्या गतीने ठोके देते. त्याहून मजेची गोष्ट अशी, की अशा माणसाच्या मागे कोणी फटाका उडवला तर तो दचकतो, पण निदान सुरुवातीच्या काळात त्याची छाती लगेच धडधडत नाही. भीतीने रक्तात उतरलेला रस हळूहळू हृदयापर्यंत पोचावा लागतो. "काळजाचा ठोकाच चुकला" हा आपला वाक्प्रचार त्याच्यापुरता तरी खोटा!

लगामाच्या जोडीला चाबूकही आहे. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या नसांचे एक जाळे हृदयाला घाई करते आणि रक्तवाहिन्या आवळते. शास्त्रीय मराठीत या जाळ्याला 'अनुकंपी' म्हणतात. संकटाच्या वेळी छाती धडधडवणाऱ्या आणि हातपाय गार पाडणाऱ्या यंत्रणेला अनुकंपेचे नाव कोणी दिले असेल, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता रक्तदाबाकडे वळू. आमच्या जळगावकडे केळीच्या बागांना ठिबकने पाणी देतात. नळ्यांतला दाब दोन गोष्टींवर ठरतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही: पंप किती जोराने चालतो आणि नळ्या किती मोकळ्या आहेत. रक्ताचेही तसेच. हृदय हा पंप, रोहिण्या या नळ्या. लगाम आणि चाबूक हातात असल्यामुळे मेंदूला दोन्ही कमीजास्त करता येते. पण कधी, किती, हे त्याला कळावे कसे? कवटीत कोंडलेल्याला बाहेरची खबर कोण देणार?

त्यासाठी दोन चौक्या बसवलेल्या आहेत. एक हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत. दुसरी मानेत, जबड्याच्या कोनाखाली, दोन्ही बाजूंना. तिथे रोहिणीच्या भिंतीत नसांची टोके गुंतलेली असतात. दाब वाढून भिंत ताणली गेली की ती झपाझप निरोप धाडतात. दाब उतरला की निरोप मंदावतात. लंबमज्जा ते निरोप वाचते आणि लगाम ओढते किंवा सोडते. मानेतल्या या रोहिणीचे इंग्रजी नाव कॅरॉटिड. त्याचे मूळ ग्रीक आहे आणि अर्थ आहे गुंगी आणणारी. ती दाबली की मनुष्य गुंगतो, हे ग्रीकांना ठाऊक होते. कारण मात्र ठाऊक नव्हते. कोणी गंमत म्हणूनही कोणाची मान दाबून पाहू नये, हे ओघाने आलेच.

या चौक्यांचे खरे काम दिसते ते आपण उठून उभे राहतो तेव्हा. उभे राहताक्षणी अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोट यांच्याकडे उतरते. मेंदू सर्वांत वर. त्याचा पुरवठा पहिल्याने कमी व्हायचा. पण एकदोन ठोक्यांच्या आत लगाम सैल होतो, पुढच्या काही सेकंदांत पायांच्या वाहिन्या आवळल्या जातात, आणि आपल्याला काही झाल्याचा पत्ताही लागत नाही. दिवसातून किती वेळा आपण उठतो आणि बसतो! तितक्या वेळा हा कारभार बिनबोभाट उरकला जातो.

तो उरकला नाही म्हणजे काय होते, ते आमच्या आळीतल्या जिभाऊंनी अनुभवले. जिभाऊ मूळचे धुळ्याचे, एस. टी.तून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे. रात्री दोन वाजता लघवीसाठी उठले, चार पावले टाकली आणि मोरीच्या उंबऱ्यावर पडले. कपाळाला खोक पडली. नशिबाने खुब्याचे हाड वाचले. सकाळी मी भेटायला गेलो तर म्हणाले, "सर, डोळ्यांपुढे अंधारी आली बघा. बी.पी. वाढलं असणार माझं."

घरातल्या सर्वांचे मत तेच होते. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र एक साधी गोष्ट केली. जिभाऊंना आडवे ठेवून रक्तदाब मोजला आणि मग उभे करून पुन्हा मोजला. आडवे असताना वरचा आकडा दीडशे. उभे राहिल्यावर दोन मिनिटांत तो सव्वाशेच्याही खाली. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला, तरी डॉक्टर लोक ती दखल घेण्याजोगी गोष्ट समजतात. इथे तर त्याहून अधिक. चौकशी करता कळले, की जिभाऊ रक्तदाबाची एक गोळी घेत होतेच, आणि प्रोस्टेटच्या त्रासासाठी अलीकडे दुसरी सुरू झाली होती. ती दुसरी गोळीही वाहिन्या सैल करणाऱ्या जातीची निघाली. वयामुळे चौक्यांवरचे पहारेकरी आधीच जरा सुस्तावलेले. त्यात वाहिन्या आवळण्याचा मेंदूचा हुकूम गोळीने दाराशीच अडवलेला. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून दिल्या. पण जिभाऊंचा प्रश्न राहिलाच. "सर, काळीज इथं, मेंदू तिथं. पडलो मी डोकं फिरून, आणि तपासलं काय, तर दंडाला पट्टा बांधून!" त्यांना मी जे सांगितले, तेच इथे जरा नीटनेटके करून लिहितो आहे.

भोवळ काही म्हाताऱ्यांचीच मिरास नव्हे. स्वातंत्र्यदिनाला झेंड्यापुढे मुले ताठ उभी असतात. पाहुण्यांचे भाषण लांबते, ऑगस्टचा दमट उकाडा असतो, आणि एखादा धडधाकट मुलगा एकाएकी कोसळतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. गुडघे ताठ करून उभे राहिले की ते काम बंद. उकाड्याने कातडीच्या वाहिन्या रुंदावलेल्या, घामाने पाणी गेलेले. चौक्या जिवापाड धडपडतात; आणि मग कधी कधी सारा डाव उलटा फिरतो. लगाम एकदम खेचला जातो, वाहिन्या एकदम सैल पडतात, नाडी मंदावते आणि शुद्ध हरपते. इंजेक्शनची सुई किंवा रक्त पाहून काहींना भोवळ येते, तीही याच वाटेने. तिथे हुकूम मनाकडून सुटतो इतकेच.

अशा वेळी जमिनीवर पडणे हाच मुळी निसर्गाचा उपाय आहे. मनुष्य आडवा झाला, डोके हृदयाच्या पातळीला आले, की रक्त मेंदूला आपसूक पोचते. आपण मात्र काय करतो? चौघे धावतात, त्याला बखोटीला धरून उठवतात, खुर्चीत बसवतात आणि नाकाला कांदा लावतात. कांद्याने बिघडत नाही, खुर्चीने बिघडते. त्याला आडवाच राहू द्यावे, पाय थोडे उंच धरावेत, गळ्याशी कपडे सैल करावेत, भोवतालची गर्दी हटवावी. मिनिटा-दोन मिनिटांत त्याने डोळे उघडले नाहीत, किंवा छातीत दुखत असेल, किंवा धावताखेळताना तो कोसळला असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

हा लगाम मेंदूच्या हातून हिसकावला गेला, तर काय अनर्थ होतो, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलेले आहे, आणि खेड्यांतून पऱ्हाट्यांचे ढीग उपसणाऱ्यांना त्याची चांगली ओळख आहे. ते म्हणजे लाल विंचवाचा दंश. काळा विंचू दिसायला मोठा. पण जिवावर उठणारा तो हा लहानसा लाल. त्याचे विष नसांवर असे काम करते, की एकदा निरोप सुटला की तो थांबतच नाही. आधी ओकाऱ्या होतात, घामाच्या धारा लागतात. मग चाबूक चालू होतो, तो अखंड. हातपाय बर्फासारखे गार पडतात, वाहिन्या आवळून रक्तदाब चढतो, हृदय त्या दाबाविरुद्ध झुंजून थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. मेंदूने यातला एकही हुकूम दिलेला नसतो.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. अशी माणसे, अशी मुले त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी खाटेपाशी बसून एकेका रुग्णाची नाडी, दाब, हातापायांचा गारवा यांची टिपणे केली, आणि १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या मान्यवर वैद्यकीय पत्राने त्यांचे निरीक्षण छापले. मारते ते चाबकाचे वादळ, हे ध्यानात आल्यावर उपायही त्याच दिशेने सुचला. प्राझोसिन ही रक्तदाबावरची एक साधी, स्वस्त गोळी. ती वाहिन्यांच्या भिंतीवर 'आवळा' हा निरोप पोचू देत नाही. जिभाऊंची प्रोस्टेटची गोळी तिच्याच कुळातली. जे औषध एकाला रात्री पाडते, तेच दुसऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणते! फुप्फुसांत पाणी झालेल्या अशा रुग्णांपैकी पूर्वी जवळजवळ एकतृतीयांश दगावत. ही गोळी वेळेवर मिळू लागल्यावर ते प्रमाण शेकड्यात बोटांवर मोजण्याइतके उतरले. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर मांत्रिकाकडे जाणाऱ्यांनी या गोळीची गोष्ट ऐकावी आणि सरळ जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न मी ओळखला आहे. हा लगाम आपला आपल्याला हाती धरता येणार नाही का? आपले योगी म्हणे हृदय थांबवीत असत!

या प्रश्नाच्या मागे लागलेला एक मनुष्य आमच्या खानदेशातच नोकरीला होता. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. १९१६ च्या सुमारास ते अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापनासाठी आले, आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदास महाराजांकडे ते योग शिकले. पण गुरूने सांगितले म्हणून मानायचे, एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात, उड्डियान आणि नौली या क्रिया चालू असताना पोटात काय घडते, हे क्ष-किरणांनी पाहून घेतले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि 'योगमीमांसा' हे पत्र सुरू केले. सर्वांगासनात आणि मत्स्यासनात रक्तदाब किती चढतो, उतरतो, याची मोजमापे त्या पत्राच्या आरंभीच्याच अंकांत आहेत. जगाने त्यांना ओळखले ते स्वामी कुवलयानंद या नावाने.

महात्मा गांधी १९२७ साली महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. फेब्रुवारीत खानदेश झाला, आणि मार्चमध्ये कोल्हापुरास रक्तदाब चढून ते कोसळले. नंदी हिल्सवर विश्रांती घेत असताना त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला, तो आसनांनी या विकाराला उतार पडेल का, याच विषयावर.

आणि योग्याचे हृदय थांबणे? १९५७ साली अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन भारतात आले. लोणावळ्यालाही गेले. दिल्लीच्या डॉ. आनंदांसह त्यांनी चार साधकांची तपासणी केली, आणि १९६१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. श्वास कोंडून, छाती आणि पोट घट्ट आवळल्यावर मनगटाची नाडी लागेनाशी झाली. छातीला नळी लावली तरी ठोके ऐकू येईनात. पण हृदयाच्या विजेचा आलेख काढणारे यंत्र मात्र ठोक्यामागून ठोका नोंदवीतच होते. छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारे रक्त अडले होते, म्हणून नाडी लोपली. हृदय थांबले नव्हते. चौथ्या साधकाने थांबवण्याचा दावा केलाच नव्हता. मंद करतो म्हणाला होता, आणि त्याने ते खरोखरच मंद करून दाखवले. पण तेही सरळ हुकमाने नव्हे. स्नायूंच्या युक्तीने, व्हेगसच्या वाटेने.

म्हणजे पुढच्या दाराने या लगामापर्यंत जाता येत नाही, परसदाराने येते. ते परसदार म्हणजे श्वास. विश्वास नसेल तर आत्ता मनगटावर बोटे ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. आत घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना रेंगाळते. तरुणांत हा फरक स्पष्ट कळतो. वयाबरोबर तो मावळतो. श्वास सोडताना व्हेगसचा लगाम ओढला जातो, असा त्याचा अर्थ. २००१ साली इटलीच्या डॉ. बर्नार्डींनी तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्धांचा सहा अक्षरांचा मंत्र म्हणायला लावून मोजमाप केले. दोन्ही जपांत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि मानेतल्या चौक्यांचे काम अधिक चोख झाले. जप कोणत्या देवाचा, हे व्हेगसने विचारले नाही!

हे ऐकून जिभाऊ भलतेच खूष झाले. दोन महिने दीर्घ श्वसन केले आणि एक दिवस म्हणाले, "सर, आता बरं वाटतं. काहीच होत नाही. गोळी सोडून देऊ का?"

या प्रश्नासाठीच मी हा सारा प्रपंच मांडला आहे. रक्तदाब वर्षानुवर्षे चढता राहिला, की चौक्यांवरचे पहारेकरी त्यालाच नेहमीचा दाब समजू लागतात. एकशेसाठला ते बोंब मारीत नाहीत. उलट तो उतरला तर वर चढवू पाहतात. राखण चालूच असते, पण चुकीच्या पातळीची. म्हणून 'काहीच होत नाही' ही खूण बरे असण्याची नव्हे. आतल्या आत डोळ्यांच्या, मेंदूच्या, मूत्रपिंडांच्या बारीक वाहिन्या झिजत असतात आणि वरून मनुष्य ठणठणीत. शिवाय चौक्यांचा कारभार सेकंद-मिनिटांचा. महिन्या-वर्षांचा हिशेब मूत्रपिंडे आणि मीठ यांच्याकडे असतो. श्वासाने दाब उतरतो तो थोडा. उपयोगी, पण गोळीच्या जागी बसवण्याइतका नव्हे. जिभाऊंना मी एवढेच म्हणालो, "प्राणायाम चालू ठेवा आणि गोळीही. सोडायची की कमी करायची, ते डॉक्टर पट्टा बांधून सांगतील." पट्टा बांधण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि त्या वेळी गप्पा मारू नयेत, हेही सांगून ठेवले, नुसत्या बोलण्यानेही आकडा चढतो. आणि ज्यांचा दाब चढता आहे, त्यांनी शीर्षासनासारखी उलटी आसने किंवा जोराने श्वास कोंडणे विचारल्यावाचून करू नये.

आता दिवाळी दाराशी आली आहे. फराळाच्या ताटात शेव, चकली, चिवडा, आणि आम्हा खानदेशी मंडळींच्या घरी त्यावर शेवभाजीही असायचीच. मिठाचा हिशेब त्या चार दिवसांत जरा हात राखून करावा. पण माझ्या मनात आहे ती नरकचतुर्दशीची पहाट. घरातले सारे अंधारातच उठतात. आजोबांना हाक जाते, "उठा, पहिली अंघोळ तुमची!" ते रात्रभर आडवे, उठतात ते थेट न्हाणीघराकडे. अंगाला कोमट तेल, त्यावर कढत पाण्याचे तांबे. कातडीच्या वाहिन्या उष्णतेने रुंदावतात, रक्त पायांकडे उतरते, आणि पाटावरून एकदम उठावे तो डोळ्यांपुढे अंधारी. खाली फरशी ओली आणि तेलकट.

म्हणून त्या पहाटे एवढे करा. आजोबा-आजींना हाक मारल्यावर मिनिट-दोन मिनिटे खाटेच्या कडेला पाय सोडून बसू द्या. पायांची बोटे हलवू द्या, पेलाभर पाणी द्या. न्हाणीघरात दिवा लावा, पाटाऐवजी उंच चौरंग किंवा स्टूल ठेवा, पाणी फार कढत नको. अंघोळ झाल्यावर ते उठतील तेव्हा घरातले कोणीतरी हाताशी उभे असू द्या. नातवाने हात दिला तर आजोबा बहुतेक रागावतील, "मी काय म्हातारा झालो की काय?" म्हणून. रागावू द्यावे.